व्हिडिओ डीकोडिंगसाठी जीपीयूचा वापर : वेग नेमका कुठून येतो?

धागाकर्ता

प्लेयरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंगचा पर्याय चालू केला की व्हिडिओचे काम जीपीयूकडे (ग्राफिक्स प्रोसेसरकडे) जाते, इतके बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तिथे गेल्यावर ते काम जीपीयूचा कोणता भाग करतो, याबद्दल अनेक चर्चांमध्ये चुकीची कल्पना दिसते. हजारो कोअर असलेला प्रोसेसर आठ कोअरच्या सीपीयूपेक्षा शेकडो पटींनी वेगाने डीकोड करणारच, असे गृहीत धरले जाते आणि मग मोठे, महागडे कार्ड बसवूनही डीकोडिंगचा वेग जिथल्या तिथे का राहिला, हा प्रश्न पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर नीट मांडता यावे आणि जाणकारांकडून त्यात भर पडावी, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी डीकोडिंगमधील, म्हणजे दाबून साठवलेल्या फाइलमधून पुन्हा चित्रे तयार करण्यातील, कामे पाहू. फाइलमधील बिट्सच्या ओळीतून चिन्हे वाचणे, म्हणजे एन्ट्रॉपी डीकोडिंग, हे पहिले काम. त्या चिन्हांतून मिळालेल्या सहगुणकांचे क्वांटायझेशन (मूल्ये ठोकळ करणे) उलटवणे आणि उलट ट्रान्सफॉर्म करून फरकाचे चित्र तयार करणे, हे त्यानंतरचे. आधीच्या फ्रेममधील तुकडे गतिसदिशांनुसार उचलून आणणे, म्हणजे मोशन कॉम्पेन्सेशन, किंवा त्याच फ्रेममधील शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधणे, ही तिसरी पायरी; आणि चौकटींच्या कडा मऊ करणारे डीब्लॉकिंग फिल्टर सर्वांत शेवटी. यांपैकी ट्रान्सफॉर्म आणि मोशन कॉम्पेन्सेशन ही कामे समांतर चालवण्यास सोयीची आहेत, कारण चित्राच्या एका कोपऱ्यातील तुकड्याला दुसऱ्या कोपऱ्यातील तुकड्याची वाट पाहावी लागत नाही. एन्ट्रॉपी डीकोडिंग मात्र एकामागून एक असेच चालते.

जीपीयूंनी ही कामे सोप्याकडून अवघडाकडे जात अंगावर घेतली. एमपेग-२ च्या काळात लिनक्सवरील एक्सव्हीएमसी किंवा विंडोजवरील डीएक्सव्हीए या जोडणी-व्यवस्थांमार्फत जीपीयू मोशन कॉम्पेन्सेशन आणि उलट ट्रान्सफॉर्म करून देत असे; बिट्स वाचण्याचे काम सीपीयूकडेच राही. पुढे २००३ मध्ये एच.२६४ हे मानक आले आणि ब्लू-रे डिस्कवर त्याचा व्हिडिओ सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जाऊ लागला, तेव्हा केवळ बिट्स वाचण्यातच तेव्हाचे सीपीयू थकू लागले. म्हणून २००७ च्या सुमारास एटीआय-एएमडीचे यूव्हीडी आणि एनव्हिडियाच्या जीफोर्स ८ मालिकेतील काही चिप यांत बिटप्रवाह वाचण्यापासून फिल्टरपर्यंतचे एच.२६४ चे सगळे काम करणारे विशेष सर्किट आले. इंटेलचे क्विक सिंक २०११ मध्ये सँडी ब्रिजबरोबर दाखल झाले. आजचे एनव्हिडियाचे एनव्हीडेक, एएमडीचे व्हीसीएन, ॲपलच्या चिपमधील मीडिया इंजिन आणि फोनमधील डीकोडर हे सगळे याच वंशातले आहेत.

माझ्या मते या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे. हे सर्किट जीपीयूच्या चिपवर बसलेले असते, पण खेळांसाठी किंवा गणनेसाठी वापरले जाणारे शेडर कोअर त्यात जवळजवळ सहभागी नसतात. म्हणून एकाच पिढीतील स्वस्त आणि महाग कार्डांत डीकोडर सहसा सारख्याच क्षमतेचा असतो. अपवाद आहेत आणि ते खरेदीपूर्वी तपासावेत : एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेतील मोठ्या कार्डांत एव्ही१ या नव्या मानकाचे डीकोडिंग आहे, पण त्याच मालिकेतील आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० यांत ते नाही.

शेडर कोअरना डीकोडिंगनंतर काम मिळते. वाययूव्हीतून (व्हिडिओ साठवण्याच्या रंगपद्धतीतून) आरजीबीत (पडद्याच्या रंगपद्धतीत) रंग बदलणे, आकार बदलणे, डीइंटरलेसिंग, एचडीआर चित्र साध्या पडद्यासाठी उतरवणे, ही कामे ते उत्तम करतात. व्हिडिओ चालू असताना जीपीयूचा वापर वाढलेला दिसतो, त्यात बरेचदा या कामांचाच वाटा मोठा असतो.

डीकोडिंगचे काम शेडर कोअरवर नेण्याचे प्रयत्न कुठवर आले आहेत, आणि प्रत्यक्ष वापरात अडचण डीकोडरची असते की त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेची, यावर सदस्यांनी लिहावे.

प्रतिसाद १ – उत्तरायण

विषय महत्त्वाचा आहे आणि मांडणीही आवडली. एक शंका मात्र आहे. एन्ट्रॉपी डीकोडिंग क्रमाने चालते हे मान्य केले, तरी एका फ्रेममध्ये हजारो चौकटी असतात. एच.२६४ मध्ये १०८० ओळींच्या चित्रात १६ बाय १६ च्या ८,१६० चौकटी होतात. बिट्स वाचण्याचे काम सीपीयूने करावे आणि उरलेल्या सगळ्या चौकटी कुडा किंवा ओपनसीएल ही जीपीयूवर गणना करण्याची साधने वापरून जीपीयूच्या कोअरवर एकदम सोडाव्यात, असे का होत नाही? एव्हीसी (एच.२६४), एचईव्हीसी (एच.२६५), एव्ही१ अशी मानके बदलत राहतात. सर्किट एकदा घडले की घडले. प्रोग्रॅम मात्र बदलता येतो. जुन्या कार्डावर नवे मानक चालवण्याचा हा मार्ग मला आकर्षक वाटतो.

प्रतिसाद २ – पारदर्शक

उत्तरायण, आपला प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्रमाने चालणे म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करतो. एच.२६४ मधील कॅबॅक आणि एचईव्हीसीतील त्याची सुधारित आवृत्ती ही अंकगणिती कोडिंगची पद्धत आहे. प्रत्येक द्विमान चिन्ह वाचताना एका संभाव्यतेचा आधार घेतला जातो आणि ते चिन्ह वाचून झाल्यावर ती संभाव्यता बदलते. पुढचे चिन्ह वाचण्यासाठी बदललेली संभाव्यता आणि गणनेची सध्याची स्थिती दोन्ही लागतात, त्यामुळे प्रवाहाच्या मधूनच वाचायला सुरुवात करता येत नाही. जेपेगमधील हफमन कोडिंगची गोष्ट वेगळी आहे. तिथे चुकीच्या जागी सुरुवात केली तरी काही चिन्हांनंतर वाचन बहुधा आपोआप जुळते, आणि याचा फायदा घेऊन जेपेगचे समांतर डीकोडिंग जीपीयूवर करता येते. कॅबॅकमध्ये ही सोय नाही.

आता समांतरतेचे गणित. एचईव्हीसीमध्ये वेव्हफ्रंट नावाची सोय आहे : वरच्या ओळीतील दोन मोठ्या चौकटी वाचून झाल्या की खालची ओळ सुरू करता येते. ३८४० बाय २१६० च्या चित्रात ६४ बाय ६४ च्या चौकटी आडव्या ६० आणि उभ्या ३४ बसतात. प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या दोन चौकटी मागे असल्याने एका वेळी जास्तीत जास्त ३० ओळी काम करत राहू शकतात, तेही मधल्या टप्प्यात. सुरुवातीला आणि शेवटी त्याहून कमी. शिवाय एन्कोड करणाऱ्याने ही सोय वापरली असेल तरच. जीपीयूला मात्र पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी हजारो थ्रेड लागतात. त्याचे एकेक कोअर सीपीयूच्या कोअरपेक्षा बरेच मंद असते आणि सारी मदार संख्येवर असते. तीस कामगारांपुरतेच काम असेल, तर उरलेले हजारो रिकामे बसणार.

चौकटींच्या पुनर्रचनेबद्दल आपण म्हणता ते अर्धे खरे आहे. ज्या चौकटी आधीच्या फ्रेमवरून बनतात, त्या सगळ्या एकदम सोडता येतात, आणि हे काम जीपीयूला मानवते. पण इंट्रा, म्हणजे त्याच फ्रेमवरून अंदाज बांधणाऱ्या, चौकटी शेजारच्या पूर्ण झालेल्या चौकटींवर अवलंबून असतात, म्हणून तिथे पुन्हा तिरक्या रेषेतच पुढे सरकावे लागते. आपल्या उदाहरणातील ८,१६० चौकटी आडव्या १२० आणि उभ्या ६८ अशा मांडलेल्या असतात. सगळ्या इंट्रा असतील, तर एका वेळी हाती घेता येतात त्या जास्तीत जास्त ६०.

यात भर पडते ती शाखांच्या विविधतेची. जीपीयूवर ३२ किंवा ६४ थ्रेडचा गट एकच सूचना एकत्र पाळतो. शेजारच्या चौकटींपैकी एक इंट्रा, एक दोन दिशांनी अंदाज बांधणारी, एक वगळलेली, एकीचा ट्रान्सफॉर्म ४ बाय ४ चा आणि दुसरीचा ३२ बाय ३२ चा, असे असेल तर गटातील प्रत्येक प्रकाराला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. आधुनिक मानकांची सगळी कार्यक्षमता याच विविधतेतून येते, आणि नेमकी तीच जीपीयूच्या प्रकृतीला मानवत नाही.

फिल्टरच्या बाबतीत मात्र मानके ठरवणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसतो. एच.२६४ मध्ये एका चौकटीचे फिल्टर केलेले पिक्सेल पुढच्या चौकटीच्या फिल्टरला पुरवले जातात. एचईव्हीसीत ही साखळी तोडली आहे : आधी संपूर्ण चित्रातील उभ्या कडा, नंतर सगळ्या आडव्या कडा, आणि दोन्ही टप्पे पूर्णपणे समांतर.

आपण सुचवलेला मिश्र मार्ग चोखाळून पाहिला गेला आहे. इंटेलने २०१५ च्या सुमारास हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढ्यांसाठी व्हीपी९ (गूगलचे मानक) आणि एचईव्हीसीचा असा मिश्र डीकोडर ड्रायव्हरमधून दिला होता. काही भाग सीपीयूवर, काही जीपीयूच्या गणना-कोअरवर. तो चालत असे, पण दोन्ही प्रोसेसर एकदम जागे ठेवावे लागत असल्यामुळे पूर्ण सर्किटातून मिळते तशी विजेची बचत त्यातून मिळणे शक्य नव्हते. पुढच्या पिढ्यांत पूर्ण सर्किट आले आणि तो मार्ग मागे पडला.

प्रतिसाद ३ – चौथी मिती

पारदर्शक यांच्या प्रतिसादाने मूळ कारण स्पष्ट झाले. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे भोवतालच्या व्यवस्थेबद्दल, मला लिहायचे आहे, कारण व्यवहारात बहुतेक तक्रारी तिथेच उगम पावतात असे माझे निरीक्षण आहे.

हार्डवेअर डीकोडिंग चालू केले, ते चालू असल्याची खात्रीही झाली, तरी सीपीयूचा वापर अपेक्षेइतका उतरला नाही, असे अनेक जण सांगतात. अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की डीकोड झालेली फ्रेम कुठे आहे.

आकडे पाहा. ३८४० बाय २१६० ची ८ बिटची, ४:२:० पद्धतीची (रंगाचे नमुने आडवे-उभे निम्मे ठेवणारी) एक फ्रेम सुमारे १२.४ मेगाबाइटची असते. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर प्रवाह सुमारे ७४६ मेगाबाइट होतो. १० बिटचे चित्र पी०१० स्वरूपात साठवताना प्रत्येक नमुना १६ बिटांची जागा घेतो, म्हणजे आकडा दुप्पट होऊन सेकंदाला दीड गिगाबाइटच्या घरात जातो. फाइल मात्र सेकंदाला २० मेगाबिटची, म्हणजे अवघ्या अडीच मेगाबाइटची असू शकते. जीपीयूकडे जाणारा माल इवलासा आणि तिथून बाहेर पडणारा त्याच्या तीनशे पट, अशी ही स्थिती आहे. तो मोठा माल जीपीयूच्या मेमरीतच राहिला आणि तिथूनच पडद्यावर गेला, तर सगळा व्यवहार फायद्याचा. तो मुख्य मेमरीत परत आणला, सीपीयूने त्यावर काही केले, आणि दाखवण्यासाठी पुन्हा जीपीयूकडे पाठवला, तर डीकोडरने वाचवलेले श्रम ने-आण करण्यातच खर्च होतात.

हे नकळत घडण्याच्या जागा पुष्कळ आहेत. एफएफएमपेग या आज्ञांवर चालणाऱ्या व्हिडिओ-साधनामध्ये हार्डवेअर प्रवेगाचा पर्याय दिला, पण बाहेर येणाऱ्या फ्रेमचे स्वरूप जीपीयूवरचेच राहावे हा वेगळा पर्याय दिला नाही, तर डीकोड झालेली प्रत्येक फ्रेम मुख्य मेमरीत उतरवली जाते. चालवणाऱ्याला वाटते की सगळे जीपीयूवर आहे. एमपीव्ही या प्लेयरमध्ये हार्डवेअर डीकोडिंगचे कॉपी करणारे आणि न करणारे असे दोन प्रकार वेगवेगळ्या नावांनी उपलब्ध आहेत. कॉपी करणारा प्रकार अधिक सुसंगत असतो, कारण त्यावर नेहमीचे सगळे सीपीयू फिल्टर चालतात, पण त्याची किंमत वर सांगितलेली आहे. सीपीयूवर चालणारे एखादे साधे फिल्टर, अगदी उपशीर्षके चित्रात कायमची बसवणारेही, साखळीत मध्ये घातले तर ने-आण सुरू होते.

जुन्या विंडोज प्रोग्रॅमांत आणखी एक अडचण येत असे. जीपीयूची फ्रेम ज्या मेमरीत असते ती सीपीयूसाठी कॅशमध्ये न येणारी असल्यामुळे साध्या पद्धतीने वाचताना वेग फार घसरे. सीपीयूच्या एसएसई ४.१ या सूचनासंचातील विशेष वाचन-सूचना वापरून बऱ्याच प्लेयरनी त्यावर मात केली. आपला स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ही बाब लक्षात ठेवावी.

मोजमाप कसे करावे, हेही सांगतो. एकच फाइल एफएफएमपेगने तीनदा डीकोड करावी आणि निकाल कुठेही न साठवता फेकून द्यावा : एकदा केवळ सीपीयूवर, एकदा जीपीयूवर फ्रेम तिथेच ठेवून, आणि एकदा जीपीयूवर डीकोड करून फ्रेम मुख्य मेमरीत आणून. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेतील फरक म्हणजे निव्वळ वाहतुकीचा खर्च. हा आकडा हाती असल्याशिवाय कार्डाला किंवा ड्रायव्हरला दोष देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

प्रतिसाद ४ – रानवाट

चर्चा वाचून बरेच शिकायला मिळाले. एक मूलभूत प्रश्न विचारते. हार्डवेअर डीकोडरने चित्राची प्रत खालावते, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. एकाच फाइलचे रंग दोन प्रकारे चालवताना किंचित वेगळे दिसल्याचेही मी पाहिले आहे. यात तथ्य किती?

प्रतिसाद ५ – धागाकर्ता

रानवाट, एमपेग-२ पुरते यात तथ्य होते. त्या मानकात उलट ट्रान्सफॉर्मचे उत्तर ठरावीक अचूकतेच्या मर्यादेत असावे इतकीच अट होती, त्यामुळे दोन डीकोडरांची उत्तरे किंचित निराळी येऊ शकत आणि पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत ती तफावत साठत जाई. एच.२६४ पासून पुढच्या मानकांत सगळी गणिते पूर्णांकांत आणि काटेकोर सांगितलेली आहेत. मानकाला धरून चालणाऱ्या प्रत्येक डीकोडरचे उत्तर शेवटच्या बिटपर्यंत सारखेच यावे लागते, मग तो सीपीयूवर असो वा सर्किटात. चौथी मिती यांनी सांगितलेल्या पद्धतीने फ्रेम मुख्य मेमरीत आणून दोन्हींची बेरीज-खूण (चेकसम) जुळवून पाहिली, तर हे कोणालाही पडताळता येते.

आपण पाहिलेला रंगांतील फरक बहुतेक वेळा डीकोडिंगनंतरच्या टप्प्यात निर्माण होतो. चित्राची पातळी १६ ते २३५ अशी मर्यादित धरायची की ० ते २५५ अशी पूर्ण, आणि रंग बदलताना बीटी.६०१ (एसडीचे रंगमानक) चे सहगुणक वापरायचे की बीटी.७०९ (एचडीचे) चे, याबद्दल प्लेयर आणि ड्रायव्हर यांची समजूत जुळली नाही, तर चित्र फिकट, गडद किंवा हिरव्या-लालसर छटेचे दिसते. काही ड्रायव्हर आपल्या मनाने कडा ठळक करणे किंवा चित्रातील खरखर (नॉइज) कमी करणे असे संस्कारही करतात. ते बंद करून मगच तुलना करावी.

बिघडलेल्या फाइलबाबत मात्र फरक राहतोच. प्रवाहात त्रुटी असेल तर काय करावे हे मानक सांगत नाही. सीपीयूवरील परिपक्व डीकोडर हरवलेल्या चौकटी झाकण्याचे चांगले प्रयत्न करतात. सर्किटे तिथे अनेकदा चौकटींचा चुरा दाखवतात किंवा अडून बसतात. खराब प्रसारणातून मुद्रित केलेल्या फाइलसाठी मी स्वतः सीपीयूवरचे डीकोडिंगच पसंत करतो.

प्रतिसाद ६ – उत्तरायण

पारदर्शक यांचे विवेचन पटले. आता दुसऱ्या बाजूने एक मुद्दा मांडतो. सर्किट काय चालवू शकते याची यादी आपण समजतो त्याहून काटेकोर असते, आणि केवळ एच.२६४ चालते एवढ्या विधानाने काही कळत नाही. प्रोफाइल (मानकातील सोयींचा संच), बिटखोली, रंगनमुन्यांची पद्धत आणि लेव्हल (आकार व वेगाची मर्यादा) हे सगळे जुळावे लागते. १० बिटचा एच.२६४ अनेक वर्षे बहुतेक डेस्कटॉप जीपीयूंच्या कक्षेबाहेर राहिला, जरी १० बिटचा एचईव्हीसी त्याच कार्डांवर सहज चालत होता. कॅमेऱ्यांतून येणारा ४:२:२ पद्धतीचा व्हिडिओ हे आणखी एक उदाहरण. इंटेलने तो एचईव्हीसीत बऱ्याच आधी स्वीकारला, तर एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. संपादन करणाऱ्यांसाठी हा फरक निर्णायक असतो.

जुन्या डीएक्सव्हीए काळातील एक मर्यादाही यातूनच समजते. लेव्हल ४.१ मध्ये संदर्भासाठी ३२,७६८ चौकटींचा साठा ठेवता येतो. १०८० ओळींच्या चित्रात ८,१६० चौकटी असल्याने असे चारच चित्र त्यात बसतात. एखाद्याने चारपेक्षा अधिक संदर्भ-फ्रेम वापरून एन्कोड केले, की त्या काळची कार्डे चित्र बिघडवत किंवा नाकारत.

एव्ही१ बाबत मला सीपीयूचीही बाजू मांडावीशी वाटते. मानक २०१८ मध्ये आले, आणि इंटेल, एनव्हिडिया व एएमडी यांच्या सर्किटांत ते २०२० पासून दिसू लागले. ॲपलच्या चिपमध्ये २०२३ मध्ये. मधल्या काळात व्हिडिओलॅनच्या (व्हीएलसी प्लेयर बनवणाऱ्या संस्थेच्या) परिवारातील डेव्हिड या डीकोडरने असेंब्लीत हाताने लिहिलेल्या कोडच्या जोरावर साध्या सीपीयूवरही एव्ही१ सहज चालवून दाखवले. प्रोग्रॅमच्या लवचीकतेबद्दल मी जे म्हणत होतो, ते जीपीयूवर नव्हे, पण सीपीयूवर असे सिद्ध झाले. एव्ही१ मध्ये फिल्मचा दाणा (चित्रातील बारीक कणांचा पोत) वेगळा काढून शेवटी पुन्हा मिसळण्याची सोय आहे; ते शेवटचे मिश्रण डेव्हिडकडून काढून घेऊन जीपीयूच्या शेडरवर करता येते, आणि ही कामाची विभागणी मला फार योग्य वाटते.

प्रतिसाद ७ – पारदर्शक

उत्तरायण यांच्या मूळ प्रश्नाला एक आशादायक पुरवणी जोडायची राहिली होती. शेडर कोअरवर संपूर्ण डीकोडर चालवणे अशक्य नाही. मानक त्याला अनुकूल असावे लागते. एफएफएमपेगच्या २०२५ मधील ८.० आवृत्तीत व्हल्कन या सर्व कंपन्यांच्या जीपीयूंसाठीच्या समान प्रोग्रॅमिंग-व्यवस्थेच्या गणना-शेडरवर चालणारे एफएफव्ही१ चे एन्कोडिंग-डीकोडिंग आणि प्रोरेस रॉचे डीकोडिंग आले आहे. यांतील प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि फ्रेमचे तुकडेही एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे प्रत्येक तुकड्याचे बिट्स वेगळ्या थ्रेड-गटाला वाचता येतात. एफएफव्ही१ मध्ये चित्र किती तुकड्यांत विभागायचे हे एन्कोड करताना ठरते. मोजकेच तुकडे असलेली जुनी फाइल जीपीयूला फारसे काम देऊ शकत नाही, म्हणून या मार्गाचा लाभ हवा असेल तर एन्कोड करतानाच तुकडे भरपूर ठेवले पाहिजेत.

हे विशेष मोलाचे वाटते, कारण ही स्वरूपे अभिलेखागारांत आणि चित्रपट-संपादनात वापरली जातात, त्यांचे बिटप्रमाण प्रचंड असते, आणि त्यांच्यासाठी सर्वसाधारण जीपीयूत कोणी वेगळे सर्किट घालण्याची शक्यता कमी. जिथे सर्किट नाही आणि समांतरता भरपूर आहे, तिथे शेडर कोअरचा हक्क खरा आहे.

याची गल्लत व्हल्कन व्हिडिओशी करू नये. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम रूप मिळालेली एच.२६४ आणि एच.२६५ डीकोडिंगची व्हल्कन विस्तारणे आणि २०२४ मधील एव्ही१ चे विस्तारण ही आधीच्याच सर्किटांपर्यंत पोचण्याची नवी, सर्व कंपन्यांसाठी समान वाट आहे. डीएक्सव्हीए, व्हीए-एपीआय, व्हीडीपीएयू, व्हिडिओटूलबॉक्स आणि मीडियाकोडेक अशा विखुरलेल्या वाटांमुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे जे हाल होतात, ते यामुळे कमी व्हावेत ही मनापासून अपेक्षा आहे.

प्रतिसाद ८ – रानवाट

माझ्या कामात शंभराच्या आसपास व्हिडिओंतून फ्रेम काढून त्या यंत्रशिक्षणाच्या प्रारूपाला द्याव्या लागतात. वेळ डीकोडिंगमध्येच जातो. मोठे कार्ड घेतले तर फायदा होईल का?

प्रतिसाद ९ – चौथी मिती

रानवाट, आपल्या बाबतीत कोअरची संख्या न पाहता कार्डावर डीकोडर-सर्किटे किती आहेत ते पाहावे. एनव्हिडियाच्या ए१०० मध्ये अशी पाच आणि एच१०० मध्ये सात सर्किटे आहेत, ती नेमकी आपल्यासारख्या कामासाठी. एक प्रवाह साधारणपणे एकाच सर्किटातून जातो, म्हणून एकेक व्हिडिओ पूर्ण वेगाने संपवण्यापेक्षा अनेक व्हिडिओ एकाच वेळी चालू ठेवावेत.

दुसरे असे, की फ्रेम जीपीयूवर डीकोड होऊन मुख्य मेमरीत येत असेल आणि तिथून पुन्हा प्रारूपासाठी जीपीयूवर जात असेल, तर आधी तो फेरा तोडावा. एनव्हिडियाच्या डालीसारख्या साधनांत डीकोड, आकारबदल आणि प्रारूपाला पुरवठा हे सगळे जीपीयूच्या मेमरीतच होते. मात्र डीकोडरकडे फ्रेम ठेवण्याच्या जागांचा साठा मर्यादित असतो आणि तो सुरुवातीलाच ठरतो. प्रोग्रॅमने बऱ्याच फ्रेम अडवून ठेवल्या तर डीकोडर रिकाम्या जागेची वाट पाहत थांबतो, म्हणून फ्रेम वापरून लगेच मोकळी करावी किंवा लहान करून घेतलेली प्रत ठेवावी.

आणि विखुरलेल्या फ्रेम हव्या असतील तर आणखी एक गोष्ट. दोन पूर्ण फ्रेममध्ये २५० फ्रेमचे अंतर असेल, तर शेवटची एक फ्रेम मिळवण्यासाठी जवळजवळ सगळ्या मधल्या फ्रेम डीकोड कराव्या लागतात. कोणतेही कार्ड यातून सुटका करत नाही. व्हिडिओ पुनःपुन्हा वापरायचे असतील तर पूर्ण फ्रेम जवळजवळ ठेवून ते एकदा नव्याने एन्कोड करून घेणे, हा उपाय कार्ड बदलण्यापेक्षा परिणामकारक ठरू शकतो.

प्रतिसाद १० – उत्तरायण

याच ओघात, एका स्वरूपातून दुसऱ्यात बदल करणाऱ्यांसाठी एक सूचना. एन्कोडिंग सीपीयूवर एक्स२६५ सारख्या साधनाने होत असेल, तर एकूण वेळेत डीकोडिंगचा वाटा लहानच असतो. तो जीपीयूकडे नेऊन हाती फारसे लागत नाही, आणि फ्रेम मुख्य मेमरीत आणावीच लागत असल्यामुळे कधी वेग उलट घटतो. डीकोड, आकारबदल आणि एन्कोड तिन्ही जीपीयूवर असतील तेव्हाच साखळी वेगवान होते.

प्रतिसाद ११ – धागाकर्ता

सर्वांचे आभार. विजेबद्दल अजून कोणी लिहिले नाही, ते थोडक्यात लिहितो, कारण घरगुती वापरात माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा लाभ आहे. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट पाहताना सेकंदाला ३०० फ्रेम डीकोड करण्याच्या क्षमतेचा उपयोग नसतो. उपयोग असतो तो सीपीयूला दोन फ्रेमच्या मधल्या वेळात गाढ झोपू देण्याचा. म्हणून लॅपटॉपवर तुलना करताना सीपीयूच्या वापराची टक्केवारी पुरेशी नाही. जीपीयू जागा ठेवण्याचा खर्च तिच्यात दिसत नाही, आणि सीपीयू कमी वारंवारितेवर उतरला की तेच काम अधिक टक्के दिसते. बॅटरीतून प्रत्यक्ष किती वॉट खर्च होतात तेच पाहावे. दोन जीपीयू असलेल्या लॅपटॉपमध्ये व्हिडिओसाठी अंतर्गत जीपीयूच वापरावा. पडदा सहसा त्यालाच जोडलेला असतो, आणि वेगळे कार्ड केवळ डीकोडिंगसाठी जागे केले तर बचत राहत नाही. डीकोड झालेली फ्रेम जशीच्या तशी पडद्याच्या स्वतंत्र थरावर नेता आली, तर शेडर कोअरनाही उठवावे लागत नाही.

प्रतिसाद १२ – चौथी मिती

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एवढेच जोडतो, की कार्डात सर्किट असूनही डीकोडिंग चालत नसेल तर कारण वितरणात असू शकते. पेटंटच्या प्रश्नामुळे फेडोराने २०२२ मध्ये आपल्या मेसा (जीपीयू ड्रायव्हरांच्या संचाच्या) पॅकेजमधून एच.२६४, एच.२६५ आणि व्हीसी-१ यांची व्हीए-एपीआय (लिनक्सवरील हार्डवेअर डीकोडिंगची वाट) सोय वगळली होती. टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो ही आज्ञा चालवली की ड्रायव्हर प्रत्यक्षात कोणती प्रोफाइल उपलब्ध करून देतो त्याची यादी मिळते. हवी ती प्रोफाइल यादीत नसेल, तर प्लेयरच्या सेटिंगमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. पूर्ण सोय असलेले पॅकेज बसवावे लागते.

प्रतिसाद १३ – रानवाट

चौथी मिती, फ्रेम जीपीयूवरच ठेवण्याचा बदल आपण सांगितल्याप्रमाणे करून पाहणार आहे. शेवटची शंका : जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरमधला व्हिडिओ अडखळतो, पण डाउनलोड केलेली एच.२६४ ची फाइल सुरळीत चालते. हे कशाचे लक्षण?

प्रतिसाद १४ – पारदर्शक

बहुधा संकेतस्थळ आपल्याला व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवत आहे आणि त्या लॅपटॉपमधील सर्किट त्या पिढीचे नाही, त्यामुळे काम गुपचूप सीपीयूकडे वळले आहे. असे वळताना ब्राउझर कोणतीही सूचना देत नाही. यूट्यूबवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून तज्ज्ञांसाठीची आकडेवारी उघडली की कोडेकचे नाव दिसते. तिथे व्हीपी०९ किंवा एव्ही०१ असेल तर शंका पक्की. एच.२६४ चाच आग्रह धरणारे ब्राउझर-विस्तारक मिळतात, त्यांपैकी एक बसवून पाहावे. एच.२६४ मध्ये तिथे १०८० ओळींच्या वरचे पर्याय सहसा मिळत नाहीत, पण जुन्या लॅपटॉपच्या पडद्याला त्याची उणीव जाणवू नये.